गाळलेल्या चार ओळी

मी आयर्लंडमध्ये राहून अमेरिकेचा अभ्यास करते असं सांगितलं की समोरचं मराठी माणूस हमखास विचारतं, "का, अमेरिकेचा व्हिसा मिळाला नाही?" गणपतीच्या कार्यक्रमात, दिवाळीच्या फराळाच्या रांगेत हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेलाय की आता मी नुसतं "नाही मिळाला" म्हणते आणि पुढची चकली उचलते. नागपूरचा माझा भाऊ तर म्हणाला होता, "म्हणजे इथे बसून कोकणातल्या मासेमारीवर पीएचडी केल्यासारखंच झालं की." त्याला समजावून सांगण्याइतका धीर माझ्यात नाही. एकूणच धीर ही गोष्ट माझ्या वाट्याला कमी आली आहे.

विषय खरं तर साधा आहे. ठिकठिकाणाहून अमेरिकेत जाऊन राहिलेल्या लोकांची आत्मचरित्रं आणि कादंबऱ्या मी वाचते, आणि 'तिथलंच होऊन जाणं' त्यांत कसं येतं ते बघते. नवरा डब्लिनच्या सँट्री भागातल्या एका ऑफिसात सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याच्यामागून मी नागपुरातली कॉलेजची नोकरी सोडून आले, आणि पहिली काही वर्षं फ्लॅटच्या खिडकीतून विमानं उतरताना बघण्यात घालवली. मग एक दिवस असह्य होऊन, चाळिशी उलटलेली असताना, विद्यापीठात नाव घातलं.

वाचता वाचता एक गोष्ट लक्षात आली. जवळजवळ प्रत्येक पुस्तकात एक ठरलेला प्रसंग असतो. शाळेच्या दारात आई येते, डोक्याला रुमाल बांधलेली, नाहीतर हातात घमघमणारा डबा घेतलेली, आणि मुलाला तिची लाज वाटते. आई पोलंडची असो, इटलीची असो की चीनची. मी या प्रसंगांचा एक्सेलमध्ये तक्ता केला होता आणि फाइलला नाव दिलं होतं 'लाज'. नवरा एकदा डोकावून म्हणाला, "यार, ही फाइल ऑफिसच्या लॅपटॉपवर नको हं सेव्ह करूस."

माझ्या गाईडना मात्र तक्ता फारसा आवडला नाही. (इथे सुपरवायझर म्हणतात, माझ्या तोंडून गाईडच निघतं.) ते हळू बोलणारे, चहाचा मग दोन्ही हातांत धरून बसणारे गृहस्थ आहेत. म्हणाले, "ही सगळी छापलेली माणसं. घासूनपुसून वाचकांसमोर उभी केलेली. यांनी घरी काय लिहिलं असेल?" हा प्रश्न आयर्लंडमध्ये विचारायला सोपा, कारण इथून पिढ्यान् पिढ्या माणसं अमेरिकेला गेली आणि मागे पत्रं पाठवत राहिली. पत्र आलं की घरातलं कुणीतरी ते मोठ्याने वाचायचं आणि बाकीचे, शेजाऱ्यांसकट, ऐकायचे. स्लायगोजवळ राहणाऱ्या एका बाईंकडे अशा पत्रांचा डबा होता, आणि त्यांना ती वाचून दाखवणारं माणूस हवं होतं. माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण सहा आठवड्यांत द्यायचं होतं. मी दुसऱ्याच दिवशी फोन लावला.

डब्लिनहून स्लायगोची गाडी तीन तास घेते. त्या तीन तासांत मी दोनदा जागा बदलली आणि एकही पान वाचलं नाही. काहीतरी हाताला लागणार आहे असं वाटलं की मला बसवतच नाही.

बाई पंच्याऐंशीच्या पुढच्या. डोळ्यांनी मधलं काही दिसत नव्हतं, फक्त कडा दिसायच्या, म्हणून त्या मान तिरकी करून माझ्याकडे बघत. स्वयंपाकघरात शेगडी पेटलेली, रेडिओ चालू. रेडिओवर गावात कोण वारलं ते वाचून दाखवत होते: नाव, घर कुठलं, प्रार्थना किती वाजता. ते रोजच वाचतात. बाई ते संपेपर्यंत बोलल्या नाहीत, मग रेडिओ बंद करून म्हणाल्या, "ग्रँड. आज माझ्या ओळखीचं कुणी नाही." आमचं बोलणं सगळं इंग्रजीत चाललं होतं, पण मला ते आठवतं मराठीतच, त्याला माझा इलाज नाही.

"डबा प्रेसमध्ये आहे," त्या म्हणाल्या. कपाटाला इथे प्रेस म्हणतात. बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, आत वीस-बावीस पत्रं. मी रेकॉर्डर टेबलावर ठेवला, संमतीचा फॉर्म वाचून दाखवला. फॉर्मवर सही त्या सगळी पत्रं ऐकून झाल्यावरच करणार होत्या.

मग त्यांनी हकिगत सांगितली. पत्रं त्यांच्या मावशीची. मावशी तरुणपणी बॉस्टनला गेली आणि तिथलीच झाली. बाई सतरा वर्षांच्या झाल्या तेव्हा त्यांनी मावशीकडे जायचं असं ठरत होतं. फोटो पाठवला होता, कोट शिवून झाला होता. मग मावशीचं पत्र आलं. आईने याच स्वयंपाकघरात ते मोठ्याने वाचलं, घडी घालून ॲप्रनच्या खिशात टाकलं, आणि पुन्हा तो विषय कधी निघाला नाही. आई वारल्यावर डबा इंग्लंडला राहणाऱ्या भावाकडे गेला. भाऊही गेला, आणि गेल्या वर्षी भावजयीने तो पोस्टाने परत पाठवला. तोवर बाईंचे डोळे गेले होते.

"तुमचा मुलगा इथे जवळच असतो ना?" मी विचारलं. "त्याने नाही वाचली?"

"मुलगा चांगला आहे," त्या म्हणाल्या. "म्हणूनच नको. चांगली माणसं गाळून वाचतात. मला परकं माणूस हवं होतं. तू जसं आहे तसं वाच."

मी मान डोलवली. त्यांना ते दिसलं नसणार म्हणून मोठ्याने "हो" म्हटलं.

पहिली नऊ पत्रं सरळ गेली. बॉस्टनचा बर्फ, नवीन टोपी, चर्चमधला उकाडा. फक्त एक गोष्ट मला टोचत होती: मावशी दर वेळी बहिणीला बजावत होती की उत्तर मैत्रिणीच्याच पत्त्यावर घाल. मी समासात खूण केली. दहावं पत्र उघडलं. मोठ्याने वाचताना माझे डोळे तोंडाच्या दोन ओळी पुढे धावतात, ती शिकवण्याच्या नोकरीतली सवय. डोळ्यांनी जे वाचलं ते असं होतं:

मुलीचा फोटो मिळाला. तिला पाठवू नकोस. माझं मागे कुणी उरलेलं नाही असं मी इथे सगळ्यांना सांगितलंय, आणि मी लोकांच्या घरी झाडूपोछा करत होते हे नवऱ्यालाही ठाऊक नाही. तिचा चेहरा हुबेहूब माझा आहे, ती दारात उभी राहिली तर मला नाही म्हणता येणार नाही.

आणि तोंडाने मी वाचलं, "मुलीचा फोटो मिळाला. गोड दिसते. माझी तब्येत हल्ली बरी नसते, त्यामुळे यंदा तिला बोलावणं काही जमेल असं वाटत नाही."

असं मी का केलं, हे मला त्या क्षणी विचारलं असतं तर उत्तर देता आलं नसतं. विचार करून केलंच नव्हतं. समोर एक म्हातारी बाई हात मांडीवर ठेवून, मान तिरकी करून ऐकत होती, आणि माझं तोंड आपणहून चाललं.

बाईंनी तिरकी मान सरळ केली. मग म्हणाल्या, "तब्येत बरी नाही. आईनेही हेच वाचलं होतं."

मी पत्राची घडी घातली.

"मला आयुष्यभर वाटत आलं की ती खोटं वाचतेय," बाई सांगत होत्या. "मला घरी ठेवून घ्यायला. गाई कोण बघणार, म्हातारपणी तिला कोण बघणार. मी तिच्याशी नंतर कधी धड बोलले नाही, पोरी. ती शेवटची आजारी होती तेव्हाही, करायचं ते केलं, पण बोलले नाही. आणि तिने तर खरंच वाचलं होतं." त्यांनी रुमाल शोधला. "बिचारी."

हीच वेळ होती. तेव्हाच म्हणायला हवं होतं की थांबा, माझं चुकलं, पुन्हा वाचते. मी म्हटलं, "चहा करू का?" चहा केला, तीन कप प्यायलो, उरलेली पत्रं पुढच्या खेपेला म्हणून डबा परत प्रेसमध्ये ठेवला आणि संध्याकाळची गाडी पकडली.

माझ्या कामाची एक पद्धत आहे. पत्रांचे फोटो काढायचे, वाचनाचं रेकॉर्डिंग करायचं, आणि घरी दोन्ही समोरासमोर ठेवून शब्द न् शब्द जुळवायचा. सोमवारी दुपारी दहावं पत्र आलं. स्क्रीनवर एक, कानात दुसरं. मला वाटलं होतं की आवाज कापला असेल, निदान एखादा अडखळल्याचा पुरावा असेल. कुठेच काही नाही. छान, प्रेमळ, खात्रीचा आवाज. मावशीच्याच शैलीतलं इंग्रजी मी जागच्या जागी बनवलं होतं. मी ते पाच वेळा ऐकलं आणि हेडफोन काढून आपटला.

त्यानंतर मला चैन पडेना. पार्कमध्ये जाऊन चकरा मारायची, परत यायची, लॅपटॉप उघडायची, मिटायची. त्या चार ओळींवर माझं अख्खं प्रकरण उभं राहत होतं. सगळ्या पुस्तकांत मुलाला आईची लाज वाटते, आणि इथे एका बाईला भाचीच्या चेहऱ्यात स्वतःची लाज वाटत होती. असं कुठल्याच पुस्तकात मी वाचलं नव्हतं. वापरायचं तर बाईंची सही हवी, आणि सहीसाठी त्यांना ते ऐकवायला हवं. मला खरं सांगायचंय, की नुसतं प्रकरण हवंय, हेच मला कळेना, आणि कळत नाही याचाच सगळ्यात जास्त राग येत होता.

शेवटी नवऱ्याला सांगितलं. तो भांडी लावत होता. ऐकून घेतलं, हातातली ताटली ठेवली आणि म्हणाला, "म्हणजे ॲक्च्युअली, आम्ही तुझ्याशी जे केलं तेच तू केलंस."

हे त्याने बोलायला नको होतं, आणि हेच बोलायला हवं होतं.

चार वर्षांपूर्वी भावाचा फोन आला होता. "बाबांना ॲडमिट केलंय. सीरियस आहेत. तू नीघ." नवऱ्याने दहा मिनिटांत तिकीट काढलं, माझी बॅगही त्यानेच भरली. नागपूरला पोचेपर्यंत एकवीस तास लागले. विमानात मी डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांची यादी केली होती. शुगर किती, कुठली औषधं, मुंबईला हलवता येईल का. घराच्या गल्लीत रिक्षा वळली तेव्हा फाटकाबाहेर चपलांचा ढीग दिसला आणि मला कळलं. बाबा माझ्या तिकिटाच्या आधीच गेले होते. भावाला माहीत होतं, नवऱ्याला माहीत होतं, विमानतळावर घ्यायला आलेल्या मामेभावाला माहीत होतं, तो रस्ताभर माझ्याशी हवापाण्यावर बोलला. बॅग उघडली तर वर फिकट रंगाचे तीन सलवार-कमीझ नीट घडी करून ठेवलेले.

आमच्याकडे असंच करतात. गेलेल्या माणसाला सीरियस म्हणतात आणि लांबच्या माणसाला बोलावून घेतात. सगळे म्हणत होते, "अगं, एकटी प्रवासात होतीस, कसं सांगायचं?" मी नवऱ्याशी महिनाभर बोलले नाही. मला त्याचं प्रेम कळत होतं, तरीही. एकवीस तास मी एका जिवंत माणसाची काळजी केली, ती मला मूर्ख बनवून करून घेतली होती. रडायचे एकवीस तास माझ्याकडून कुणीतरी काढून घेतले, आणि ते त्यांचे नव्हते. अजूनही आठवलं की अंगाची लाहीलाही होते.

"मग आता काय करणार?" नवऱ्याने विचारलं.

"तुला काय करायचंय?" मी म्हटलं आणि कोट चढवून बाहेर पडले.

त्याच आठवड्यात बाईंचा फोन आला, पुढच्या खेपेची वेळ ठरवायला. आवाज एकदम मोकळा. म्हणाल्या, "मुलाला सांगून आईच्या कबरीवर जाऊन आले. तिची माफी मागितली. ते बरं झालं बाई, मरायच्या आधी झालं." मी "वा, छान" म्हटलं. फोन ठेवल्यावर पंधरा मिनिटं घरातल्या घरात फिरत होते. आता सांगायचं म्हणजे त्यांच्या हातातून ते काढून घ्यायचं. न सांगावं तर त्यांनी माफी मागितली ती माझ्या बनवलेल्या दोन वाक्यांवर. मी मनाशी दोन्हीकडून भांडत होते. मग एक साधी गोष्ट लक्षात आली: त्यांनी जे एकच मागितलं होतं ते मी दिलं नव्हतं. त्यांना शांती हवीये असं त्या कुठेच म्हणाल्या नव्हत्या.

तीन आठवड्यांनी मी पुन्हा स्लायगोची गाडी पकडली. या वेळी रेकॉर्डर पिशवीतच ठेवला. कोटही न काढता टेबलापाशी बसले आणि म्हटलं, "दहावं पत्र मी तुम्हाला नीट वाचून दाखवलं नाही. त्यातल्या चार ओळी मी गाळल्या आणि त्यांच्या जागी मनाचं घातलं. मी माफी मागायला आले आहे, आणि तुम्हाला हवं असेल तर वाचायला."

बाईंच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. "वाच," त्या म्हणाल्या.

मी वाचलं. आवाज कापत होता.

"पुन्हा."

पुन्हा वाचलं. चेहऱ्याच्या ओळीवर त्यांनी हात वर करून थांबवलं. "माझा चेहरा म्हणाली ती?"

"हो. हुबेहूब माझा, असं लिहिलंय."

शेगडीत काहीतरी सरकलं. बाई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या, तिथलं त्यांना काय दिसत होतं कोण जाणे. "म्हणजे आईला हे ठाऊक होतं," त्या अगदी सावकाश म्हणाल्या. "ती हे खिशात ठेवून रोज सकाळी माझ्याकडे बघत होती. आणि मी तिच्याशी बोलत नव्हते." मग म्हणाल्या, "मी कबरीवर जाऊन भलतंच काहीतरी बोलून आले."

मी रडायला लागले. त्यांनी मला गप्प केलं नाही, रुमालही दिला नाही. मला तेच बरं वाटलं.

"तुला मी का बोलावलं होतं, आठवतं?" त्यांनी विचारलं.

"परकी म्हणून."

"हं. आणि तू तर आमच्यातलीच निघालीस."

नऊ वर्षांत इथे मला हे कुणीही म्हटलं नव्हतं. शेजारी चांगले आहेत, विद्यापीठातले चांगले आहेत, सगळे 'तुमच्याकडे कसं असतं' असं कौतुकाने विचारतात. हे वाक्य ऐकायची मला किती भूक होती ते ऐकल्यावरच कळलं. आणि ते असं आलं. बाईंच्या आवाजात त्यात एक कणही कौतुक नव्हतं.

मी पिशवी उचलायला लागले. फॉर्म वर काढलाही नाही, विषयच संपला होता.

"कुठे निघालीस?" बाई म्हणाल्या. "अजून अर्धा डबा आहे." त्यांनी खुर्ची माझ्या खुर्चीला चिकटवून घेतली, अकरावं पत्र माझ्याकडून उघडून घेतलं, टेबलावर सपाट केलं. मग माझं मनगट धरलं, माझी तर्जनी कागदावर टेकवली आणि म्हणाल्या, "शब्दाखाली बोट ठेवून वाच. सरकलं की मला कळलं पाहिजे."

बालवाडीतल्या मुलीसारखं मी बोट ठेवून वाचायला लागले. त्यांचा हात माझ्या मनगटावर होता, हाडकुळा आणि गरम, आणि प्रत्येक ओळ संपून बोट पुढच्या ओळीवर गेलं की तो बरोबर यायचा. अकरावं झालं, बारावं झालं. तेराव्यात मावशी पुन्हा भाचीबद्दल विचारत होती. पुढच्या ओळीवर डोळे आधी जाऊन आले आणि माझं बोट थांबलं.

मनगटावरची पकड घट्ट झाली.

"वाच," बाई म्हणाल्या, आणि मी वाचलं.